पेटीतली हीर

मी कान तपासते. ठाण्यात टेंभी नाक्यापासून दोन गल्ल्या आत श्रवणयंत्रांचं एक केंद्र आहे, तिथे मला आता एकोणीस वर्षं होतील. काचेच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि एकेक बारीक सूर सोडत जायचं. ऐकू आला की बटण दाबा, एवढंच त्याला सांगायचं. माणसं खोटं बटण दाबतात. ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटते म्हणून अंदाजाने दाबतात, आणि मला ते दोन मिनिटांत कळतं. नवरात्रात नाक्यावर स्पीकर लागले की आमची काचसुद्धा थरथरते, मग तेवढे दिवस तपासण्या बंद ठेवून आम्ही नुसत्या बॅटऱ्या विकतो. सांगायचं एवढंच की माझा माझ्या कानांवर भरवसा होता. जरा जास्तच होता, असं आता म्हणावं लागेल.

डोंबिवलीच्या गाळ्यावर मला नेलं ते एका पेशंटनेच. सत्तरीचे गृहस्थ, मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात उभी नोकरी केलेले. त्यांना मी पुढे काकाच म्हणायला लागले. तपासणी संपल्यावर लोक विचारतात, किती खराब आहे, मशीन लावावं लागेल का. काकांनी विचारलं, "मधला तो तिसरा सूर पुन्हा ऐकवता का?" मला वाटलं थट्टा करताहेत. ऐकवला, तर डोळे मिटून दहा मिनिटं ऐकतच बसले. बाहेर तीन माणसं खोळंबली होती. शेवटी मी रागाने त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतले.

पुढच्या आठवड्यात ते एक पत्र्याचा डबा घेऊन हजर. डब्याला चार बटणं, आत त्यांनी घरी जोडलेलं सर्किट. एक बटण फिरवल्यावर आमच्या मशीनमधला तोच सूर वाजायला लागला. "बरोबर जमलाय का, तेवढं फक्त सांगा." मी म्हटलं, केसभर उतरलाय. या उत्तरावर ते इतके खूश झाले की मला हसू आलं. म्हणाले, "मग तुम्ही रविवारी आमच्या गाळ्यावर याच. तुमच्यासारख्या माणसाची तिथे गरज आहे."

गाळा म्हणजे खराच गाळा. मानपाडा रोडवरून आत वळलं की ओळीने शटरं लागतात, त्यातलं सहावं. पूर्वी तिथे लेबलं छापायचे, आणि भिंतीला अजून शाईचा वास येतो. एका चित्रकाराने तो भाड्याने घेतला होता. तो आधी सिनेमाचे आणि पुढाऱ्यांचे मोठे बोर्ड हाताने रंगवायचा. फ्लेक्स आले आणि ते काम बसलं, मग त्याने स्वतःची चित्रं काढायला घेतली. त्याच्यासोबत एका शाळेत चित्रकला शिकवणारी बाई होती, काका होते, आणि हळूहळू मी. आम्ही चौघंच सगळं बघायचो, झाडण्यापासून चहापर्यंत. आयुष्यभर दुसऱ्यांचे बोर्ड रंगवलेल्या माणसाने स्वतःच्या जागेला मात्र बोर्ड लावला नव्हता. नवीन माणूस दोनदा पुढे जाऊन परत यायचा.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला. स्टेज नाही. खाली सतरंजी, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर त्या महिन्याची चित्रं. शेजारच्या गाळ्यात खोकी कापायचं मशीन होतं आणि त्यांची सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे आमच्या प्रत्येक कार्यक्रमात दर थोड्या वेळाने भिंतीपलीकडून धप्प असा आवाज यायचा. सुरुवातीला चित्रकार त्यांना विनंती करायला गेला, तासभर बंद ठेवता का म्हणून. मालक स्वतः येऊन पंधरा मिनिटं काकांचा डबा ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "पहिलं तुमचं मशीन बंद करा, मग मी माझं करतो." त्यानंतर आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही.

तिथे जे चालायचं त्याला संगीत म्हणायचं का, यावर आमच्यातच वाद होते. कल्याणहून एकजण यायचा, तो परातीत पाणी घेऊन तिच्या कडेवर बोट फिरवायचा आणि तो आवाज मायक्रोफोनमधून वाढवायचा. चित्रकलेच्या बाईंनी गाळ्याच्या शटरचा गंज ओल्या कापडावर उतरवून चित्रं केली होती. ती भिंतीवर असताना काकांनी शटर अर्धा तास वरखाली करून वाजवलं. समोर वीस-पंचवीस माणसं. त्यात एकदा एका प्रेक्षकाची सासू आली होती. तासभर शांत बसून तिने शेजारणीला विचारलं, "सुरू कधी करणार हे?" मी खूप हसले. पण खरं सांगायचं तर पहिल्या रविवारी मलाही हाच प्रश्न पडला होता. दुसऱ्या रविवारी पडला नाही. दिवसभर माणसांना सूर ऐकवून ते ऐकू आले का एवढंच विचारणाऱ्या मला, सूर नुसता ऐकायलाही बसता येतं हे तिथे कळलं.

गाळ्याचा एकच नियम होता. आपलं सामान आपण मांडायचं नाही. ज्याचा कार्यक्रम असेल त्याचं सगळं दुसऱ्याने जोडायचं, ठेवायचं, आणि त्याने येऊन ते जसं असेल तसं वाजवायचं. चित्रांचंही तेच, आपली चित्रं दुसऱ्याने टांगायची. हा नियम भांडणातून आला होता. चित्रकार एकदा स्वतःचं प्रदर्शन लावताना दोन दिवस कोणाला आत येऊ देईना, तेव्हा बाईंनी खडसावून हा नियम करवला. मग शनिवारी संध्याकाळी चिठ्ठ्या टाकायच्या आणि कोण कोणाचं मांडणार ते ठरवायचं. मी या नियमाचं कौतुक ठाण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनाही सांगायचे. माझ्यावर त्याची पाळी यायची होती तोपर्यंत.

आता अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घर आंबिवलीला, चाळीत. अण्णा कंपनीत पाळीवर होते, आणि पाळी सुटली की गायचे. त्यांची गायन पार्टी होती. एप्रिलमध्ये जयंतीचे दिवस आले की कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत त्यांना बोलावणी असायची. अण्णा उभे राहून खंजिरी वाजवत गायचे. पेटी शेजारचे मामा वाजवायचे, पण पेटी आमची होती आणि राहायची आमच्याच घरी, खाटेखाली. अण्णांना पेटी वाजवता येत नसे. सकाळी पाळी नसली की ते पेटी पुढ्यात ओढायचे, एका हाताने भाता मारायचे आणि गायचे. पट्ट्यांना हात लावायचे नाहीत.

कारण लावायची गरजच नव्हती. आमच्या पेटीचा एक सूर गळायचा. भाता हलला की कुठलीही पट्टी न दाबता एक सूर आपोआप वाजायला लागायचा आणि भाता थांबेपर्यंत वाजत राहायचा. महागाच्या पेट्यांना सूर धरून ठेवायला पुढे खुंट्या असतात. आमची साधी, वापरलेली घेतलेली पेटी, तिला कसल्या खुंट्या. मी लहान असताना आईला विचारलं होतं, हा सूर का वाजतो. आई म्हणाली, "ती पेटी तशीच आहे. झाकण उचललंस तर बघ." मी कधी उचललं नाही. त्या सुरावर मी झोपलेय, उठलेय, पाढे पाठ केलेत.

तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. तेव्हा मी रडले नाही. दवाखान्याचे कागद, दाखले, पाहुणे, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, हे सगळं करायला मीच होते. पेटी दोन वर्षं खाटेखाली पडून राहिली. मग एका दुपारी धूळ पुसायला म्हणून बाहेर काढली आणि सहज भाता हलवला. तो सूर वाजला. मी जमिनीवर बसून भाता मारत राहिले आणि खूप रडले. माझ्याकडे अण्णांच्या आवाजाची एक धड रेकॉर्ड नाही. मोबाइलमध्ये दोन आहेत, दोन्हींत माणसांचा गलका जास्त. पण जिच्यावर तो आवाज उभा राहायचा ती जमीन या खोक्यात शिल्लक होती. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही.

त्यातून माझा कार्यक्रम सुचला. वीस मिनिटं नुसता भाता. पट्टी एकही दाबायची नाही. भाता हळू मारला की तो सूर कसा कापतो, जोरात मारला की कसा वर चढू बघतो, हे मायक्रोफोन लावून मोठं करून ऐकवायचं. सोबत काकांच्या डब्यातला सूर अगदी त्याच्या जवळ आणून ठेवायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना घासून लाटा तयार होतात. मी दोन महिने घरी सराव केला. आई समोर भाजी निवडत बसायची. तिने कधी विचारलं नाही की काय करतेस, आणि मीही सांगितलं नाही. भिंतीवर लावायला चार ओळी लिहून मी बाईंना दिल्या आणि त्यांनी सुंदर अक्षरात कार्डावर उतरवल्या. "हा सूर या पेटीतून चाळीस वर्षं गळतो आहे. माझे वडील याच सुरावर गायले. मी लहानपणी ऐकला तो हाच, आणि आजही तोच आहे." शेवटच्या वाक्याचा मला विशेष अभिमान होता.

शनिवारी चिठ्ठ्या टाकल्या. माझं सामान मांडायचं काकांकडे आलं. मला बरंच वाटलं, कारण पेटीला मायक्रोफोन चिकटवणं हे त्यांचंच काम. पट्टी न दाबता सूर वाजतो, हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं. मी म्हटलं, "काका, पेटी जुनी आहे. जपून."

काका म्हणाले, "अहो, मी जन्मभर नाजूक वस्तूच हाताळल्यात."

रविवारी आईला घेऊन निघाले. मी कार्यक्रम म्हटलं होतं, म्हणून ती पांढरी साडी नेसून आली. विहारात जायची साडी. डोंबिवलीला रिक्षात बसल्यावर तिने एकदाच विचारलं, "गाणार कोण?" मी म्हटलं, कोणी गाणार नाही. ती बाहेर बघत बसली. गाळ्यावर चित्रकाराने तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. ती अवघडून बसली, कारण अण्णांच्या कार्यक्रमांना ती कधी पुढे बसलीच नव्हती. पार्टीच्या पिशव्या सांभाळत मागे, पडद्याच्या बाजूला, अशीच मी तिला कायम पाहिलेली.

काका घाईने माझ्याकडे आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट. "मायक्रोफोन आतून लावलाय, बाहेरून खरखर येत होती. आणि पेटी एकदम स्वच्छ करून ठेवली आहे. आत केवढी धूळ. एक मेलेलं झुरळ, आणि कसली तरी काडी अडकली होती एका पट्टीखाली. सगळं काढून टाकलं." मी आईला पाणी हवंय का ते बघत होते. मी म्हटलं, थँक्यू काका. खरंच म्हटलं, आणि जाऊन पेटीपुढे बसले.

सगळे शांत झाले. पलीकडून एकदा धप्प झालं. मी भाता ओढला. हवेचा आवाज आला, फुस्स. पुन्हा मारला. पुन्हा नुसती हवा, तीही स्पीकरमधून मोठी होऊन. प्रेक्षकांना वाटलं हीच सुरुवात असेल. दोघांनी डोळेसुद्धा मिटले. मी पाच-सहा वेळा भाता मारला आणि मग मला काकांचं ते वाक्य आठवलं, एका पट्टीखाली काडी.

"काका, तुम्ही पेटी दुरुस्त केलीत?"

ते कडेला उभे होते. "एक पट्टी अर्धवट उघडी राहत होती ना. आता बसते व्यवस्थित."

त्यानंतर मी जे बोलले ते मला इथे लिहायला आवडत नाही, पण बोलले होते. पंचवीस माणसांसमोर, सत्तर वर्षांच्या माणसाला. मी म्हटलं, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्या बापाचं एवढंच राहिलं होतं माझ्याकडे. ते तुम्ही पुसून टाकलंत." काकांचा चेहरा उतरला. कारखान्यात इन्स्ट्रुमेंट उघडलं की आधी आतली घाण काढायची, ही त्यांच्या हाताची सवय. काडी दिसल्यावर ती ठेवली असती तर ते काका नसते. हे मला तेव्हाही कळत होतं आणि तरी माझा तोल गेला. मग मी लोकांकडे वळून म्हटलं की आज कार्यक्रम होणार नाही.

तेवढ्यात आई खुर्चीवरून उठली. सतरंजीवर चप्पल नको म्हणून तिने ती खुर्चीखाली सारली आणि माझ्याजवळ आली.

"काय झालं गं?"

"तो सूर गेला आई. गळायचा तो."

"गळायचा?" ती माझ्याकडे बघत राहिली. "गळकी बोलतेस माझ्या पेटीला? हीर काढली का कोणी आतली?"

मला काही कळेना. काकांनीच विचारलं, "ती काडी मुद्दाम घातलेली होती?"

"मग काय आपोआप जाऊन बसली?" आई म्हणाली. "खराटा आहे का इथे?"

शटरजवळ खराटा होता. बाईंनी तो आणून दिला. आईने त्यातली एक हीर ओढली, नखाने मधोमध चिरली, दाताने टोक तोडलं आणि बोटांत फिरवून बघितलं. मग तिने पेटीचं झाकण उचललं. मला बंदी होती ते झाकण. पट्टीच्या मागच्या टोकाखाली भोक असतं, पट्टी दाबली की ते उघडतं आणि सूर वाजतो. तिथे एवढीशी हीर सरकवली की भोक कायमचं किंचित उघडं राहतं. पेटी गळत नव्हतीच. तिला रोज हीर लावलेली असायची.

"हे अण्णांनी केलं होतं?" मी विचारलं.

"त्यांना कुठे जमतंय. मी लावायची. गायला बसले की सूर सोडून पळायचे, मग मामांनी बोलून दाखवलं. तेव्हापासून लावते." ती आत वाकून बघत होती. "आता कुठे होती ही?"

"पांढरी एकला," मी म्हटलं. निदान एवढं मला माहीत होतं.

"हां. ती शेवटची."

"शेवटची म्हणजे?"

"म्हणजे शेवटी तिथे आणलेली. लग्न झालं तेव्हा काळी दोनला गायचे. तू शाळेत जायला लागलीस तोपर्यंत तिथेच होती. मग वरचं गाताना शिरा ताणायला लागल्या, तेव्हा मी एक पट्टी खाली घेतली. कंपनी बंद झाली त्या वर्षी काळी एक. मग खोकला लागला तेव्हा पांढरी एक." तिने पट्ट्यांवर बोट ठेवत ठेवत हे सांगितलं, उजवीकडून डावीकडे, चार पट्ट्या.

मी तिच्या बोटाकडे बघत होते. भिंतीवर माझं कार्ड होतं, आजही तोच. मी लोकांचे कान तपासते. माझ्याच घरात, माझ्या उशाशी तो सूर तीन पायऱ्या उतरला आणि मला पत्ता लागला नाही. मी तर शपथेवर सांगितलं असतं की तोच आहे.

"अण्णांना कळलं नाही?"

"हीर आहे ते माहीत होतं. हलवलेली माहीत नव्हती. भाता मारायचे आणि जो सूर निघेल त्याच्यावर गायचे. मामांना मी खूण करायची, ते त्याच पट्टीवरून वाजवायचे. मामांनी कधी तोंड उघडलं नाही." आईने हीर पुन्हा बोटांत फिरवली. "पार्टीत सांगायचे सगळ्यांना, माझा गळा अजून लग्नाच्या वेळचाच आहे. मग मी कशाला बोलू?"

मला एकदम आईचा खूप राग आला आणि तेवढंच तिच्या पाया पडावंसं वाटलं. चाळीस वर्षं ती मागे पिशव्यांपाशी बसून ऐकत होती आणि घरात सगळ्यात चांगला कान तिचा होता. मला नोकरीवर ठेवणाऱ्यांनी तिला ठेवायला हवं होतं.

"मग आता कुठे लावू?" तिने हीर बोटांत धरून विचारलं.

"पांढरी एकलाच लाव."

"ती त्यांच्यासाठी होती. हीर गाणाऱ्याच्या गळ्यावर लावतात. गाणार कोण आहे?"

"कोणी नाही गं. सांगितलं ना."

"मग लावायची कशाला?"

आम्ही तिथे चार वर्षं कार्यक्रम करत होतो, पण हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. शेवटी मी म्हटलं, "तुझ्या गळ्यावर लाव."

आई म्हणाली, "माझ्या?" ती नाही म्हणणार असं मला वाटलं. मग तिने पदर सारखा केला, तोंड माझ्या बाजूला वळवलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "आ" असं दोनदा करून बघितलं. माझा हात भात्यावर होता. तिने एका बोटाने पट्ट्या दाबत दाबत वर नेलं. एक नको म्हणाली, दुसरी नको म्हणाली. काळी तीनला थांबली. पुन्हा आ केलं. हीर आत सरकवली, झाकण लावलं आणि म्हणाली, "मार भाता."

मी भाता मारला. आमच्या घरात कधीही न वाजलेला सूर वाजायला लागला. काकांचा डबा मी बंदच ठेवला. वीस मिनिटं मी फक्त तो एक सूर वाजवला, मधूनमधून पलीकडचं धप्प येत होतं, आणि आई परत खुर्चीवर न जाता माझ्या शेजारी सतरंजीवर बसून राहिली. ती गायली नाही. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिने मला विचारलं, "झालं?"

चहाच्या वेळी मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "मी कचरा म्हणून काढली हो," आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. मग त्यांनी केराच्या डब्यात हात घालून सगळी धूळ वर्तमानपत्रावर ओतली आणि चष्मा कपाळावर चढवून त्यातली जुनी हीर शोधून काढली. काळी पडलेली, अर्ध्या बोटाएवढी. कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. ती आता ठाण्याला माझ्या टेबलाच्या खणात आहे. भिंतीवरचं कार्ड मी उतरवलं. बाई म्हणाल्या, अक्षर चांगलं आलं होतं.

पेटी घरी आली. मी ती परत खाटेखाली सरकवली नाही, खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवली. गाळ्यावर पुढचे कार्यक्रम होत राहिले. काका आता कोणाचंही काही उघडण्याआधी मालकाला विचारतात, आणि आम्ही त्यावरून त्यांना पिडतो.

महिन्याभराने असेल, मी कामावरून लवकर आले होते. दार उघडंच होतं. आई आत मेथी निवडत होती आणि गुणगुणत होती. अण्णांच्याच पार्टीतली चाल, पण शब्द नाहीत. मी चप्पल काढून तशीच दारात उभी राहिले. पंचेचाळीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. किंवा ती गुणगुणत असेल आणि मला ऐकू आलं नसेल, कारण आता माझा माझ्या कानांवर तेवढा भरवसा उरलेला नाही. मी आवाज न करता पेटीपाशी गेले आणि भाता अगदी हळू, बोटभर हलवला. काळी तीन. ती जिथे होती तिथेच येऊन तो सूर मिळाला.

आत गुणगुणणं थांबलं. मी पटकन हात काढला.

"काढू नको हात," आई आतून म्हणाली. "मार अजून थोडा."